पेटीची किल्ली पेटीतच

"मामा, डिस्कच दिसंना झालीय बघा."

निपाणीला अक्काच्या घरी जेवणं उरकून आम्ही सोप्यात बसलो होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवा लॅपटॉप घेतला होता आणि त्यावर विंडोजशेजारी लिनक्स बसवायचं त्याच्या मनात होतं. पेनड्राइव्ह तयार करून त्याने यंत्र सुरू केलं. भाषा निवडून झाली, कीबोर्ड निवडून झाला. 'कुठे बसवू?' या प्रश्नाशी आल्यावर गाडी अडली. यादीत एकच नाव होतं, खुद्द पेनड्राइव्हचं. लॅपटॉपच्या पोटातल्या पाचशे जीबीच्या डिस्कचा पत्ताच नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत तर विंडोज त्याच डिस्कवरून चाललं होतं.

"दुकानदाराला फोन लावू काय?" त्याने विचारलं. तोंड उतरलं होतं पोराचं.

लिनक्स बसवायला घेतलेल्या माणसांपैकी पुष्कळ जण इथेच थांबतात. कुणाची डिस्क दिसत नाही, कुणाचा पडदा काळा पडतो, कुणाला वाय-फाय सापडत नाही. मग 'आपल्या यंत्रावर हे चालत नाही' असं म्हणून पेनड्राइव्ह कपाटात जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यंत्र सुरू होतानाच्या त्या अर्ध्या मिनिटात काय घडतं हे एकदा समजलं, तर यातल्या बहुतेक अडचणी घरच्या घरी सुटतात.

सुरुवात ड्रायव्हर या शब्दापासून करू. सीमाभागातल्या माणसाला तो समजावून सांगायला फार वेळ लागू नये. कन्नडमधला उतारा हातात आला आणि आपल्याला कन्नड वाचता येत नसलं की आपण काय करतो? दोन्ही भाषा जाणणाऱ्या एखाद्याला बरोबर घेऊन कचेरीत जातो. तो आपलं म्हणणं कारकुनाला त्याच्या भाषेत सांगतो आणि कारकुनाचं आपल्याला मराठीत. ड्रायव्हर हा असाच दुभाषा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एवढंच म्हणतो की 'डिस्कवरचा अमुक भाग वाचून दे.' प्रत्यक्ष डिस्कच्या चिपला मात्र कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहायचा, मग किती थांबायचं, काम झाल्याची खूण कशी ओळखायची, असं सगळं तिच्या रीतीने सांगावं लागतं. दर चिपची रीत निराळी, म्हणून दर चिपला दुभाषा निराळा. लिनक्सच्या कर्नलचा मजकूर आज तीन कोटी ओळींच्या वर गेला आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग या दुभाष्यांचाच आहे.

इतके ड्रायव्हर कायम मेमरीत ठेवायचे म्हणजे घरात एक पाहुणा यायचा म्हणून अख्ख्या गावाचा स्वयंपाक करण्यासारखं. एका लॅपटॉपला त्यातले शंभरेक लागतात. म्हणून १९९५ साली आलेल्या १.२ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये मॉड्यूलची सोय झाली. ड्रायव्हरची वेगळी फाइल करून डिस्कवर ठेवायची, गरज पडली की चालत्या कर्नलला जोडायची, गरज संपली की काढून घ्यायची.

सोय चांगली, पण तिच्यात एक पेच आहे. डिस्क वाचायची तर डिस्कचा ड्रायव्हर हवा आणि तो ड्रायव्हर ठेवलाय डिस्कवर. पेटीची किल्ली पेटीतच राहिली आणि वरून कुलूप लागलं.

या कुलपावरचा तोडगा मला लिनक्समधली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. यंत्राच्या मदरबोर्डवर निर्मात्याने बसवलेला एक छोटा प्रोग्राम असतो. पूर्वी त्याला बायोस म्हणत, आता तो यूईएफआय असतो, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात. त्याला डिस्क किंवा पेनड्राइव्ह जेमतेम वाचता येते. वेग नाही, करामती नाहीत, पण दोन फाइली उचलण्यापुरतं त्याचं ज्ञान पुरतं. त्याच्या मदतीने ग्रब नावाचा बूटलोडर दोन फाइली मेमरीत आणून ठेवतो. पहिली फाइल कर्नलची. दुसरी असते घट्ट बांधलेलं एक गाठोडं. त्याचं अधिकृत नाव इनिटरामएफएस. मी त्याला शिदोरी म्हणतो. शिदोरीत डिस्कचे, पेनड्राइव्हचे, फाइल-पद्धतीचे ड्रायव्हर आणि ते जोडणारी चार अवजारं असतात. कर्नल जागा झाला की मेमरीतच ती सोडतो, आतल्या किल्ल्यांनी खरी डिस्क उघडतो, सगळा कारभार त्या डिस्कवरच्या मुख्य व्यवस्थेकडे देतो आणि शिदोरीचं फडकं झटकून टाकतो. १९९६ साली ही कल्पना इनिटआरडी या नावाने कर्नलमध्ये आली. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीपासून तिचं आजचं, जास्त सुटसुटीत रूप रुळलं.

लिनक्स बसवायचा पेनड्राइव्ह म्हणजे अशी एक भली मोठी शिदोरीच. तो कुणाच्या यंत्राला लागणार हे करणाऱ्याला ठाऊक नसतं, त्यामुळे त्यात मिळतील तेवढे ड्रायव्हर भरलेले असतात.

आता या ढिगातून नेमका हवा तो ड्रायव्हर निवडतं कोण? उत्तर यंत्रातच छापलेलं असतं. आजच्या प्रत्येक पीसीआय उपकरणात दोन आकडे कोरलेले असतात, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि एक त्या नगाचा. इंटेलचा आकडा ८०८६. १९७८ साली याच आकड्याचा प्रोसेसर त्या कंपनीने काढला होता आणि तोच आकडा तिने पुढे ओळख म्हणून घेतला. यूएसबीच्या वस्तूंनाही अशीच जोडी असते. प्रत्येक ड्रायव्हरच्या फाइलीत 'मी या या आकड्यांच्या उपकरणांशी बोलू शकतो' अशी यादी असते. सगळ्या ड्रायव्हरांच्या याद्या एकत्र करून एक मोठा तक्ता आधीच तयार ठेवलेला असतो. कर्नलला नवं उपकरण सापडलं की तो त्याचे आकडे पुकारतो, यूडेव्ह नावाचा सेवक ती हाक ऐकतो, मॉडप्रोब हे अवजार तक्त्यात बोट फिरवून फाइल शोधतं आणि ड्रायव्हर जोडतं. हे सारं सेकंदाच्या काही भागात होतं, तेही डझनावारी उपकरणांसाठी. सुरू होताना पडद्यावर भराभर वर सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी म्हणजे याच कामाची नोंदवही.

ही सोय नव्हती तेव्हाचे दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना तिची किंमत कळते. नव्वदच्या दशकात आयएसए जातीची कार्डं असत. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःची ओळख सांगताच येत नसे. नेटवर्कचं कार्ड कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या इंटरप्टवर बसलंय, हे कार्डावरचे बारीक जंपर बघून कागदावर लिहून घ्यायचं आणि यंत्र सुरू होताना बूटच्या ओळीत स्वतः टाइप करायचं. पत्ता ३००, इंटरप्ट ५. एक आकडा चुकला की यंत्र जागच्या जागी गोठे. लिनक्स फ्लॉपीवरून बसवायचे तेव्हा. फ्लॉपीची जागा १.४४ एमबी, त्यात सगळे ड्रायव्हर मावणार कसे? म्हणून स्लॅकवेअरमध्ये साध्या डिस्कसाठी एक बूट फ्लॉपी आणि स्कझी डिस्कसाठी दुसरी, रेड हॅटमध्ये नेटवर्कवरून बसवायला वेगळी, लॅपटॉपच्या पीसीएमसीआय कार्डांसाठी आणखी वेगळी. आपल्या पेटीला कुठली किल्ली लागते हे आधी माणसालाच ओळखावं लागे.

आमच्या भागात लिनक्स पोचलं ते बरंचसं पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून. डायल-अपच्या वेगाने सीडीभर माल उतरवून घेणं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सीडीवरून लिनक्स बसे, पण मग खरी अडचण उभी राही. तेव्हाच्या नव्या संगणकात विनमोडेम नावाचा स्वस्त मोडेम असे. मोडेमचं अर्धं काम त्यात नसायचंच, ते विंडोजमधल्या एका प्रोग्रामवर सोपवलेलं असायचं. लिनक्सला तो मुका. त्याचा ड्रायव्हर कुठे तर इंटरनेटवर, आणि इंटरनेटला जायचं कशाने तर त्याच मोडेमने. मी तेव्हा बेळगावात एका स्नेह्याकडून बाहेरून जोडायचा जुना सीरियल मोडेम दोन दिवसांच्या बोलीवर आणला होता. तो मात्र पहिल्या झटक्यात बोलला. तारेच्या टोकाला दिवे लुकलुकायला लागले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

हा पेच आजही गेलेला नाही, त्याची जागा तेवढी बदलली आहे. भाच्याच्या लॅपटॉपकडे वळू.

पेनड्राइव्हवरून आलेल्या तात्पुरत्या लिनक्समध्ये टर्मिनल उघडायला सांगितलं आणि त्या नोंदवहीचा हुकूम टाइप करायला लावला. इंग्रजी डी, एम, ई, एस, जी ही अक्षरं सलग; काही ठिकाणी आधी सुडो लावावं लागतं. हजारभर ओळी आल्या. त्यांतून डिस्कच्या नियंत्रकाच्या, म्हणजे एएचसीआयच्या ओळी शोधल्या. दोन ओळींत सगळा उलगडा होता. पहिली सांगत होती की एक एनव्हीएमई डिस्क वळवून ठेवलेली सापडली. दुसरी सांगत होती की ती वापरायची असेल तर बायोसमध्ये रेडच्या जागी एएचसीआय करा.

भाचा दोनदा वाचून म्हणाला, "म्हणजे ह्याला ठाव आहे की डिस्क हाय म्हणून!"

ठाऊक होतंच. लॅपटॉप बनवणाऱ्याने डिस्कची मांडणी रेड पद्धतीवर ठेवून पाठवली होती. त्यात एनव्हीएमई डिस्क स्वतःच्या नावाने समोर येत नाही, दुसऱ्या नियंत्रकाच्या आड बसते. विंडोजमध्ये त्यासाठी खास ड्रायव्हर आधीच घातलेला असतो. लिनक्सच्या ड्रायव्हरला आत कुणीतरी आहे एवढं कळतं, पण दाराला बाहेरून कडी. कडी काढायची जागा बायोसमध्ये. अलीकडच्या काही यंत्रांत हेच काम व्हीएमडी या नावाने चालतं. नव्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर असतो, म्हणून तिथे पेनड्राइव्हवर ताजी आवृत्ती घेणं हाच पहिला उपाय.

इथे एक सावधगिरी, आणि ती मी भाच्याला दोनदा बजावली. यंत्रात विंडोज ठेवायचं असेल तर ही मांडणी एकदम बदलू नये. बदलल्यावर विंडोज स्वतःच आपली डिस्क ओळखेनासं होतं, कारण सुरू होतानाच्या त्याच्या शिदोरीतही जुन्या मांडणीचाच ड्रायव्हर भरलेला असतो. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यायचं आणि मग नेहमीसारखं सुरू करायचं. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप चालू असेल तर त्याची लांबलचक रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यायची. ती नसताना हात घातला तर पोराचं वर्षभराचं काम कुलपात जाईल. आम्ही की लिहून घेतली, अक्काने ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. बदल करून पेनड्राइव्ह पुन्हा लावला आणि यादीत पाचशे जीबीची डिस्क आली.

दाजी हे सगळं झोपाळ्यावरून पाहत होते. ते उठून आतून एक जुना लॅपटॉप घेऊन आले. वखारीच्या हिशेबाला वापरत, दहा-बारा वर्षांचा. फटींतून तंबाखूची धूळ निघाली. "ह्याचं काय होतंय काय बघा. विंडोज टेनचं बंद झालं म्हणत्यात."

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित दुरुस्ती थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या वयाच्या बहुतेक यंत्रांत नसते. म्हणजे चांगली चालणारी, पडदा-कीबोर्ड धड असलेली यंत्रं भंगारात निघणार. आमच्या भागातल्या दुकानांत आणि घरांत अशी यंत्रं कमी नाहीत. त्यांच्यासाठी तरी लिनक्स शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

दाजींच्या लॅपटॉपला डेबियन नावाचं लिनक्स लावलं. डिस्क लगेच दिसली. अडलं ते वाय-फायपाशी. पडद्यावर निरोप आला की या उपकरणाला फर्मवेअरची फाइल हवी आहे आणि ती सापडत नाही. नाव बी४३ फोल्डरातलं, 'यूकोड'ने सुरू होणारं.

फर्मवेअर म्हणजे ड्रायव्हर नव्हे, ही गल्लत नेहमी होते. ड्रायव्हर कर्नलच्या बाजूला चालतो. फर्मवेअर त्या चिपच्या स्वतःच्या इवल्या मेंदूत चालतं. बऱ्याच वाय-फाय चिपा वीज लागली की कोऱ्या असतात, ड्रायव्हरने दर वेळी त्यांच्यात फर्मवेअर भरलं तरच जाग्या होतात. दुभाषा आला, पण ज्याच्याशी बोलायचं तो अजून झोपलेला, असा प्रकार.

या फाइली कंपन्यांच्या मालकीच्या असतात, त्यांचा मूळ मजकूर खुला नसतो. डेबियनची मंडळी मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला घट्ट धरून चालणारी. वर्षानुवर्षं त्यांनी अधिकृत इन्स्टॉलरमध्ये या फाइली ठेवल्या नाहीत. इन्स्टॉलर अडे आणि 'हरवलेलं फर्मवेअर दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणून द्या' असं म्हणे. ज्याच्याकडे दुसरा चालू संगणक नाही त्याने ते आणायचं कुठून? शेवटी त्यांनी मतदान घेतलं. २ ऑक्टोबर २०२२ ला निकाल लागला, आपल्या सामाजिक करारात त्यांनी दुरुस्ती केली, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येऊ लागलं. तत्त्वाला मुरड घातली म्हणून काही जुने लोक हळहळले. मला तो निर्णय योग्य वाटतो. दारातच अडखळून परत गेलेल्या माणसाला आतलं स्वातंत्र्य दाखवायचं कसं?

दाजींच्या यंत्रातली चिप मात्र या सोयीतूनही निसटणारी. तिच्या फर्मवेअरची प्रत वाटायला परवाना नाही. त्यामुळे डेबियनमधलं पॅकेज ती फाइल स्वतःजवळ ठेवत नाही, तुमच्या यंत्रावर बसताना इंटरनेटवरून कंपनीचा ड्रायव्हर आणतं आणि त्यातून फर्मवेअर कापून काढतं. म्हणजे वाय-फायसाठी इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी वाय-फाय. विनमोडेमच्या काळातलाच पेच, पंचवीसेक वर्षांनी.

या वेळी सीरियल मोडेम शोधत कुणाच्या दारी जावं लागलं नाही. भाच्याचा फोन चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. फोनने स्वतःला यूएसबीचं नेटवर्क कार्ड म्हणून पुढे केलं, आकडे पुकारले गेले, तक्त्यात ड्रायव्हर सापडला आणि जोडणी झाली. फोनवरच्या जाळ्यातून इन्स्टॉलेशन पार पडलं, नंतर फर्मवेअरचं पॅकेज आलं. ही युक्ती पाठ करून ठेवण्यासारखी आहे. डेटा नेणारी तार मात्र हवी, नुसती चार्जिंगची तार चालत नाही.

डेबियनच्या त्या पहिल्याच पडद्याबद्दल थोडं सांगायला हवं. भाषांच्या यादीत मराठी आहे आणि कन्नडही. पण इन्स्टॉलरचं साधं, अक्षरी रूप निवडलं तर त्यात दोन्ही दिसत नाहीत, चित्ररूप इन्स्टॉलर निवडला तरच दिसतात. कारण यंत्राच्या पोटातलं आहे. कर्नलच्या अक्षरी पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या येतात, आणि त्या एकेका चौकोनात सुट्या बसवायच्या. आपली जोडाक्षरं, मागे सरकणारी वेलांटी, वर चढणारा रफार या चौकोनांत मावत नाहीत. त्यांना चित्र काढू देणारा पडदा लागतो, आणि त्याला पडद्याचा ड्रायव्हर. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सीडॅकचं जिस्ट कार्ड संगणकात खोचलं की डॉसवर देवनागरी उमटायची, ती अक्षरांसाठी वेगळं हार्डवेअरच घालावं लागे म्हणून. म्हणजे 'भाषा निवडा' हे मराठीत वाचता येण्याआधी शिदोरीतला एक दुभाषा आपलं काम करून गेलेला असतो.

हाच पडद्याचा ड्रायव्हर कधी कधी घातही करतो. ग्राफिक्सच्या वेगळ्या चिपा असलेल्या यंत्रांवर सुरुवातीच्या ओळी दिसतात आणि मग पडदा काळा ठिक्कर. यंत्र जिवंत असतं, ड्रायव्हरने पडद्याची मांडणी चुकीची धरलेली असते. ग्रबच्या यादीवर उभं राहून ई दाबायचं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची, तिच्या शेवटी जागा सोडून नोमोडसेट हा शब्द इंग्रजीत लिहायचा आणि एफ१० दाबायचं. मग कर्नल मांडणीच्या भानगडीत पडत नाही, बायोसने आखून दिलेल्या साध्या पडद्यावर भागवतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, त्यामुळे भीती नाही. बसवून झालं की योग्य ड्रायव्हर घालायचा आणि तो शब्द विसरायचा. असा बाहेरून आणलेला ड्रायव्हर सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर कर्नल सहीशिवाय आत घेत नाही. तेव्हा पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा येऊन नवी किल्ली नोंदवायची का असं विचारतो. घाईत 'पुढे चला' दाबणारे पुष्कळ, आणि मग ड्रायव्हर का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

बसवून झाल्यावर यंत्राची स्वतःची शिदोरी तयार होते. फेडोराच्या कुळातलं लिनक्स ती बेताची भरतं, याच यंत्राला लागेल तेवढी. म्हणून त्या यंत्रातली डिस्क काढून दुसऱ्या बोर्डाला लावली तर कधी कधी दारातच अडते. ग्रबच्या यादीत रेस्क्यू नावाची एक नोंद असते, तिच्यात सगळ्या किल्ल्या भरलेल्या असतात. तिने आत जाऊन नवी शिदोरी बांधता येते. डेबियन मुळातच बरीच भरून ठेवतं, तिथे हा त्रास कमी.

निघण्यापूर्वी दाजींच्या लॅपटॉपवर मी उपकरणांची यादी काढायला लावली. एल, एस, पी, सी, आय सलग, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि दोन एन. प्रत्येक ओळीच्या शेवटी चौकटी कंसात आकड्यांची ती जोडी येते. भाच्याने हिशेबाच्या जुन्या वहीतलं एक पान फाडलं. डिस्कचा नियंत्रक, वाय-फाय, ग्राफिक्स आणि तारेचं नेटवर्क, चौघांचे आकडे आणि समोर ड्रायव्हरची नावं देवनागरीत लिहून काढली, घडी घातली आणि लॅपटॉपच्या तळाला चिकटपट्टीने चिकटवली.